वॉर्डाच्या टोकाला

आदल्या दिवशी पुण्यात झालेल्या सत्काराच्या जेवणातलं काहीतरी अनुपमाला बाधलं होतं. सकाळी दौंडहून गाडी चालवत येताना पोटात एक कळ येऊन गेली, पण रुग्णालयाच्या फाटकातून आत शिरेपर्यंत ती विसरूनही गेली होती. महिला वॉर्डात राउंड घेताना, खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाळंतिणीची नाडी बघत असताना, ती कळ परत आली आणि या वेळी थांबेना. कपाळावर घाम आला. तिची केबिन वॉर्डाच्या भिंतीला लागूनच होती, पण दार बाहेरच्या व्हरांड्यातून. ती घाईघाईनं तिथं गेली तर कुलूप. शिपाई रविराज पुरस्काराची फ्रेम टांगायला खिळे आणायला बाजारात गेला होता, आणि किल्ली त्याच्या खिशात. अनुपमा त्या कुलपासमोर क्षणभर नुसती उभी राहिली. मग वळली, वॉर्डातून पुन्हा आत आली आणि दोन्ही बाजूंच्या खाटांवरच्या बायकांच्या नजरेला नजर न देता चालत चालत, शेवटी जवळजवळ धावत, वॉर्डाच्या टोकाला असलेल्या संडासात शिरली. अधीक्षक होऊन तिला काही वर्षं झाली होती. या दाराच्या आत ती एकदाही गेली नव्हती.

दार मात्र तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांकडून तिनंच ते रंगवून घेतलं होतं. हिरव्या साडीतली हसरी आई, कडेवर गुबगुबीत बाळ, मागं डोंगर आणि सूर्य. आतून त्याच दाराला रंग नव्हता, पत्रा गंजलेला होता आणि कडीच्या जागी एक भोक होतं, त्यात साडीच्या काठाची चिंधी ओवलेली. ती चिंधी हातात धरून बसायचं, हे तिला आपोआप कळलं. दिवा नव्हता. घाण दिसायच्या आधी कळत होती. फिनेल ओतलेलं होतं, पण त्यानं वास मरत नव्हता, त्यावर नुसतं झाकण बसल्यासारखं होत होतं, आणि झाकणाखालून तो गोडसर, कुजका, उबदार वास नाकात नव्हे तर थेट घशात जात होता. जमिनीवर पाणी साचलेलं. त्यात पाय ठेवायला कुणीतरी विटा टाकलेल्या. खिडकीच्या जाळीत रक्ताळलेल्या घड्या आणि कापसाचे बोळे कोंबलेले, काही वाळून काळे पडलेले, एक अजून ओला. नळ फिरवला तर त्यातून हवा आली. बादलीच्या तळाशी थोडं पाणी होतं आणि त्यावर लांब केसांचा एक गुंता तरंगत होता. आणि हे सगळं बघत असताना, उमासे येत असताना, तिला बसावंच लागलं. सलवारीचे पाय एका हातानं वर धरून, दुसऱ्या हातात चिंधी ताणून, श्वास रोखून. आपल्या शरीराला काहीच किळस येत नाही, ते आपलं काम उरकतंच आहे, याची तिला इतकी शिसारी आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बाहेर आली तेव्हा दाराशी एक म्हातारी हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली घेऊन उभी होती. खिडकीजवळच्या बाळंतिणीची सासू, इनामगावची बानूबाई. मोठं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, अंगावर मेंढराच्या लोकरीचा अजून न गेलेला वास. तिनं अनुपमाकडे नीट बघितलं आणि विचारलं,

"पानी व्हतं का वो आत?"

"नाही," अनुपमा म्हणाली.

"मंग?"

त्या विचारण्यात टोमणा नव्हता. मग तुम्ही कसं काय केलंत, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, कारण त्यानंतर तिला स्वतःला आत जायचं होतं. अनुपमा वॉर्डातून परत चालत गेली, आणि तिला वाटलं की प्रत्येक खाटेवरची बाई तिच्या सलवारीच्या ओल्या काठाकडे बघते आहे. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

रविराज आला होता. केबिनच्या भिंतीवर ठोकाठोकी चालू होती. ती थेट आतल्या बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि ओकली. मग साबणानं हात धुतले, पाय धुतले, पुन्हा हात. हे बाथरूम तिनं गेल्या वर्षी नीट करून घेतलं होतं. पांढऱ्या टाइल्स, गरम पाण्याचा गीझर, खुंटीला स्वच्छ टॉवेल, खिडकीत मनीप्लँट. भिंतीच्या पलीकडे तोच वॉर्ड होता. एका खाटेवर खोकणाऱ्या बाईचा आवाज टाइल्समधून येत होता, आणि तो रोजच येत असणार, फक्त आज ऐकू आला. टॉवेलात तोंड खुपसल्यावरही तो वास गेला नाही. वास नाकात नसतोच, तिला वाटलं, तो कुठंतरी मागं, टाळूच्या वर जाऊन बसतो आणि आपण काहीही हुंगलं तरी आधी तोच येतो. टॉवेलाच्या साबणाच्या वासातूनही तोच आला.

ती शिकली त्या वरवंडच्या शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. शाळेमागं बाभळी होत्या, पण तिकडं मोठी मुलं विड्या ओढत बसलेली असायची. आई सकाळी तिच्या हातात चहाची कपबशी देताना म्हणायची, घोटभरच पी गं, दिवसभर शाळा हाय. आईनं हे कधी समजावून सांगितलं नव्हतं, जसं केस विंचरायला शिकवतात तसं शिकवलं होतं. दुपारपर्यंत ओठ सुकायचे, डोकं जड व्हायचं, शेवटच्या तासाला मांड्या आवळून बसायचं आणि घंटा झाली की दप्तर पोटाशी धरून घराकडे चालत सुटायचं, धावायचं नाही, धावलं की घात. ती त्यात तरबेज झाली. पुढं मेडिकल कॉलेजात, ऑपरेशन थिएटरात, सोबतचे पुरुष डॉक्टर मध्येच जाऊन यायचे आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहायची. तिचे सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, हिचा स्टॅमिना बघा. तिला तेव्हा अभिमान वाटला होता. कालपर्यंत वाटत होता. टाइल्सच्या भिंतीला टेकून उभी असताना तिला प्रथमच वाटलं की ते कौतुक एका घाणेरड्या गोष्टीचं होतं, आणि आपण ते पदकासारखं मिरवलं.

काल स्टेजवर तिच्यामागच्या पडद्यावर तिच्याच रुग्णालयाची चित्रं सरकत होती. टोकनचं मशीन. जमिनीवरच्या रंगीत रेघा, पिवळी रक्ततपासणीकडे, निळी औषधांकडे. बाह्यरुग्ण विभागातली बाकडी, ज्यामुळं लोक आता जमिनीवर बसत नाहीत. रांग कमी झाली होती, हे खरं होतं. तिनं त्यासाठी भांडणं केली होती, हेही खरं. निवेदक म्हणाला, हे रुग्णालय बघून सरकारी आहे असं वाटतच नाही. टाळ्या झाल्या. पुरस्कारासाठी पाहणीला आलेली मंडळी वॉर्डभर फिरली होती, चादरी दाबून बघितल्या होत्या, आणि त्यातल्या एका बाईंनी त्या रंगवलेल्या दारासमोर उभं राहून फोटोही काढून घेतला होता. दार उघडून कुणी बघितलं नव्हतं. तिनं तरी कुठं. ते चित्र इतकं छान झालं होतं की ते दार आहे, हेच लोक विसरून जात.

दुपारी जेवणाचा डबा तिनं उघडला आणि तसाच बंद केला. तेवढ्यात मोनिका सिस्टर दारात आली. मोनिका कधी घाईत बोलत नसे.

"मॅडम, लवकर चला. खिडकीजवळची स्वप्नाली. ब्लीडिंग थांबत नाहीये."

पहाटे बाळंत झालेली पहिलटकरीण. सकाळी अनुपमानं जिची नाडी धरली होती आणि अर्धवट सोडून गेली होती, तीच. अंगाखालची चादर लाल झाली होती. स्वप्नालीचे ओठ पांढरे पडले होते आणि ती छताकडे बघत होती, दुखतंय असंही म्हणत नव्हती. तरुण डॉक्टर सत्यजीत हातमोजे घालून उभा होता, त्याच्या आवाजात भीती होती.

"इंजेक्शन दिलंय, ड्रिप लावलीय, मॅडम. गर्भाशय आवळतच नाही. अँब्युलन्स सांगू का? पुण्याला पाठवू या."

"वाटेतच जाईल ती," अनुपमा म्हणाली आणि पोटावर हात ठेवला. हाताला आधी काहीतरी ताणलेलं, फुग्यासारखं लागलं. त्याच्या वर, एका कडेला ढकललेलं गर्भाशय, मऊ, भिजलेल्या कणकेसारखं. हात काही क्षण तिथंच थांबला. "हिला लघवी झालीय का?"

"झाली म्हणाली," मोनिका म्हणाली. "मी सकाळी विचारलं होतं."

"कॅथेटर आण."

नळी आत गेली आणि पिशवी भरायला लागली. भरतच राहिली. सत्यजीत त्या पिशवीकडे बघत राहिला. अनुपमाचा हात पोटावर दाबत, चोळत होता, आणि तुंबलेल्या मूत्राशयाचा फुगा जसा खाली बसत गेला तसं तिच्या तळव्याखाली ते मऊ, दिशाहीन मांस हळूहळू आपल्या जागी आलं, आवळलं, मुठीसारखं घट्ट झालं. रक्त कमी झालं. मग थेंब थेंब. मोनिकानं मोठा श्वास सोडला. दौंडहून रक्ताची पिशवी मागवली. अनुपमाचे हात कोपरापर्यंत भरले होते, कुर्त्यावर लघवी सांडली होती, आणि तिला कसलीही किळस येत नव्हती. कधीच आली नव्हती. रक्त, पू, वार, लघवी या गोष्टी तिच्यासाठी कामाच्या होत्या, मातीत हात घालणाऱ्याला माती असते तशा. मग सकाळी काय झालं? सकाळी तिथं ती डॉक्टर नव्हती. तिथं ती पोटातल्या कळेनं वाकलेली एक बाई होती, एवढाच फरक, आणि तेवढ्यानं सगळं अंग शहारलं होतं.

स्वप्नालीला जरा हुशारी आल्यावर अनुपमा तिच्या उशाशी बसली.

"लघवी झाली असं सिस्टरला का सांगितलंस?"

मुलीनं डोळे मिटले. एकोणीस-वीसची असेल. "गेले व्हते मी," ती हळूच म्हणाली. "आत जाऊन उभीच ऱ्हायले. टाके हाईत ना. खाली समदं पानी, इटंवर बसवंना. पडंन असं भ्या वाटलं. तशीच माघारी आले."

"मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? लाज वाटली."

बानूबाई पायथ्याशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मीच म्हनले तिला, उद्या सोडत्यातच घरला, तवर धर. आन् पानी बी नगं जास्ती पिऊ. आमी न्हाई का धरलं, बाई? ह्ये काय आज हाय का?"

अनुपमाला त्या म्हातारीचा राग यायला हवा होता. तिच्या एका वाक्यानं ही पोरगी गेली असती. पण ते वाक्य बानूबाईच्या तोंडून निघालं तरी आवाज तिला वेगळाच ऐकू आला, कपबशीच्या किणकिणाटासकट. किळस पुन्हा वर आली, आणि या वेळी ती त्या संडासाची नव्हती. ती त्या हिरव्या साडीतल्या आईच्या हसण्याची होती, रंगीत रेघांची, काल खाल्लेल्या पनीरची, आपल्याच चेहऱ्याची. आपण रांग कमी केली. माणसं लवकर आत येतात, लवकर बाहेर जातात. आत असताना ती कुठं जातात, हे आपण विचारलंच नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई ओट्याशी भाजी निवडत बसली होती. गिताबाई आता लेकीकडेच दौंडला राहत. त्यांना सारखी लघवीची जळजळ व्हायची, औषधं चालू असायची, आणि अनुपमा ते वयाचं आहे म्हणून सोडून द्यायची.

"आई, माझ्या वेळेला तू दवाखान्यात होतीस ना?"

"व्हय. शिरूरला. का गं?"

"तिथं जायची सोय होती?"

आईनं मेथीची काडी मोडली. "तुझे आण्णा रात्रीचं येऊन मला भाईर शेतात न्यायचे, हाताला धरून. दिसा न्हाई. दिसा धरूनच ऱ्हायचं." मग ती लेकीकडे बघून म्हणाली, "तू डाक्टरीन हायेस. तुला ह्ये ठावं नव्हतं?"

अनुपमानं माठातलं पाणी तांब्याभर घेऊन आईसमोर ठेवलं. "पी," ती म्हणाली. आई हसली आणि भाजीच निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सत्यजीत मनानं वाईट मुलगा नव्हता. कालच्या प्रसंगानं तोही हादरला होता, तरी म्हणाला, "पण मॅडम, पेशंटच घाण करतात. कितीही साफ करा, संध्याकाळपर्यंत तेच. सवयीच तशा आहेत." सफाईला कंत्राटदाराची एकच बाई होती, सगळ्या इमारतीला मिळून. टाकीचं पाणी आधी थिएटर, मग केबिन, मग उरलं तर वॉर्ड. नव्या संडासासाठी तिनं वरिष्ठांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, प्रस्ताव पाठवा, पुढच्या आराखड्यात बघू, आणि हो, अभिनंदन. तिनं फोन ठेवला. ठोकलेल्या नव्या फ्रेमच्या काचेत बाथरूमचं दार दिसत होतं.

"ही मधली भिंत कधीची आहे?" तिनं विचारलं.

रविराज म्हणाला, "आदल्या सायबांनी घातली, मॅडम. पयलं ह्ये वॉर्डातच व्हतं. बायांची मोरी व्हती हितं."

तिला ते ऐकून बरं वाटलं नाही. म्हणजे ती इतके दिवस बायकांच्या मोरीत गीझर लावून बसली होती. तिनं त्याच दिवशी गवंडी बोलावला.

सर्जेराव आले ते भिंतीला पहिलं भोक पडल्यावर. गावचे जुने पुढारी, रुग्णालयाच्या समितीवर, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं गोड. धुळीपासून कपडे सांभाळत ते व्हरांड्यातच उभे राहिले.

"म्याडम, तुमची भावना कळती आमाला. पर अधिकाऱ्याला केबिन पायजे. उद्या मंत्री आलं, कलेक्टर आलं, पाव्हणं आलं, तर त्येंनी जायचं कुठं?"

"वॉर्डाच्या टोकाला," अनुपमा म्हणाली. "पुरुषांच्या वॉर्डाला जुनं आहेच ना, तिकडं. आणि बाई आली तर इथं, रांगेत."

"गंमत करताय व्हय."

"नाही."

सर्जेराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला ओळखीचं होतं. किळसच होती ती. अधिकारी बाईनं तोंडानं असला विषय काढावा, याची. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," असं म्हणून ते गेले, आणि नंतर बरेच दिवस वरून तिला विचारणा होत राहिली, परवानगी कुणाची घेतली, इमारतीत बदल कसा केला. तिनं उत्तरं दिली. तिचं टेबल जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत गेलं, जिथं उभं राहिलं की डोकं उतरणीला लागायचं. फ्रेम तिनं पुन्हा टांगली नाही. तिथं ती मावलीच नसती.

पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम केबिनसकट वॉर्डाला जोडलं गेलं. आतून कडी बसवली, धरायला लोखंडी दांडा, झाकणाचा डबा, दिवा. पाण्याचा क्रम तिनं उलटा केला, वॉर्ड आधी. कंत्राटदाराशी भांडून दुसरी सफाईवाली आणली. टोकाच्या जुन्या संडासातलं ब्लॉकेज काढायला दोन माणसं आली आणि त्यांनी जे बाहेर काढलं ते बघायला ती मुद्दाम उभी राहिली, ओढणी नाकाला न लावता. तिला वाटलं होतं, बघितलं की शमेल. शमलं नाही. स्वप्नाली घरी गेली त्या दिवशी बानूबाई जिन्याखाली तिला शोधत आली, बाळाच्या कपाळाला काजळाची तीट. आभार वगैरे मानायला ती आली नव्हती. नवीन जागेत फिरवायचा नळ नीट बंदच होत नाही, तो सारखा टपकतोय, पानी वाया जातंय, हे सांगायला आली होती.

आणि सगळं काही चांगलं झालं असंही नाही. आठवड्याभरातच त्या टाइल्सवर पानाची पिंक दिसली, कुणा बाईच्या नवऱ्यानं घुसून टाकलेली. मग संडासाच्या भांड्यात कापसाची घडी. झाकणाचा डबा तिथं हातभर अंतरावर होता. ती घडी टाकणारी बाई, केडगावची, मध्यम वयाची, अंगावर ताप, वॉर्डातच होती, आणि अनुपमा तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडली. काय काय ओरडली ते तिलाही नंतर आठवलं नाही, फक्त शेवटी 'तुम्ही लोक' असं म्हणाली एवढं कानात राहिलं. त्या बाईनं मान खाली घातली. डब्याला पायानं दाबायचं असतं हे तिला कळलं नव्हतं. ती डब्याचं झाकण हातानं उघडायला धजली नव्हती, कारण तिला त्या झाकणाची किळस वाटली होती. हे मोनिकानं सांगितलं तेव्हा अनुपमा जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसली. म्हणजे त्यांनाही येते. तिला कळेना, हे ती कधी धरूनच का चालली नव्हती. सत्यजीत म्हणाला होता, सवयी तशा आहेत, आणि तिनं त्याला विरोध केला होता, पण आत कुठंतरी तिलाही तेच वाटत होतं की ही माणसं घाणीत राहू शकतात, आपल्याला जमत नाही. त्या साचलेल्या पाण्यात विटा कुणी टाकल्या होत्या? पाय भरू नयेत म्हणून कुणीतरी बाहेरून विटा उचलून आणल्या होत्या. बाळंत झालेल्या बाईनं, किंवा तिच्या आईनं. त्या विटांकडे बघून तिला तेव्हा फक्त शिसारी आली होती.

तिनं डब्याशेजारी चित्र लावलं, पाय आणि झाकण. पिंक टाकणाऱ्याला मात्र सापडल्यावर पुसायला लावली. पुसताना तो माणूस तिला शिव्या देत होता, हळू, तोंडातल्या तोंडात, आणि सत्यजीत शेजारी हाताची घडी घालून उभा होता. सत्यजीतमध्ये फरक पडला होता. बाळंतिणीच्या खाटेशी तो आता आधी पोट बघायचा, मग कागद. मोनिका 'झाली का' असं विचारत नसे, हाताला धरून घेऊन जायची. वॉर्डात बायका पाणी मागायला लागल्या, आणि मागतात म्हणून सफाईवाल्या करवादायला लागल्या. अनुपमाला त्या करवादण्याचा राग यायचा नाही. तिचं स्वतःचं नाक अजून रोज तिथं शिरताना आक्रसायचं. स्वच्छ असलं तरी. माणसांच्या शरीराची म्हणून एक ऊब त्या जागेला आता कायमची चिकटली होती, मनीप्लँट सुकून गेला होता, आणि तिला गीझरच्या वाफेतला तो जुना पांढरा एकांत आठवला की लाज वाटायची, पण तो हवाहवासाही वाटायचा.

एक दिवस भर दुपारी तिला जावं लागलं. जिन्याखालच्या खोलीला काही जोडलेलं नव्हतंच. अ‍ॅप्रन तिनं खुर्चीवर काढून ठेवला होता. ती वॉर्डात येऊन रांगेत उभी राहिली, भिंतीच्या कडेला. पुढं एक बाई होती, अंगावरचा गाऊन विटलेला, केस विस्कटलेले, एका हाताला सलाईन लावलेलं आणि दुसऱ्या हातानं बाटली उंच धरलेली. वरवंडकडची असावी, बोलण्यावरून. आतली बाहेर आली तशी ती पुढं सरली, मग थांबली, मागं वळून तिनं अनुपमाला बघितलं. बाईला अनुपमा वॉर्डातली मावशी वाटली.

"मावशी, एवढी बाटली धरा वो. संगं कुनीच न्हाई माझ्या."

अनुपमानं बाटली घेतली. बाई आत गेली, नळी दाराच्या फटीतून तिच्या हातापर्यंत ताणलेली, त्यामुळं दार पुरतं लागेना. त्या बोटभर फटीतून आतलं सगळं ऐकू येत होतं, गाऊन सावरण्याचा आवाज, दांड्याला धरताना बांगडी वाजल्याचा, आणि मग लघवीचा, आधी अडखळत, दुखल्यासारखा, मग मोकळा. वास आला. तिच्या पोटातून उमासा उठला, घशापर्यंत आला. तिनं तो गिळला. हात भरून आला होता आणि तो नकळत खाली येऊ लागला.

"वर धरा, वर," आतून आवाज आला. "रगात उलटं चढतंय नळीत."

तिनं नळीकडे बघितलं. पारदर्शक नळीत खालून लाल रेघ चढत होती. तिनं टाचा उचलल्या, हात ताणला, बाटली डोक्याच्याही वर नेली. रेघ हळूहळू मागं सरली. मागच्या खाटांवरच्या बायका आता तिच्याकडे बघत होत्या, त्यातल्या कुणी तिला ओळखलं असेल.

"हायसा न्हवं, मावशी?" बाईनं विचारलं. "जाऊ नगा हां."

"हाय," अनुपमा म्हणाली. "बस तू निवांत."